माशाच्या पेटीतला रेणू

आमच्या गावच्या विद्यापीठात एका रेणूचा आकार पंधरा वर्षं एका माशाने ठरवला होता. मासा मेलेला होता, भुसा भरलेला होता, आणि रसायनशास्त्राशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी त्याच्या लांबी-रुंदीपुढे दूरदूरचे प्राध्यापक माना डोलवत होते. खरी गोष्ट ठाऊक असून तिचा अर्थ कळणारा माणूस एकच. आर्वो कंगास, रसायन विभागाच्या तळघरातल्या कार्यशाळेचा कारागीर. आणि तो बोलत नव्हता.

माझी त्याची ओळख वेगळ्या दाराने झालेली. सरोवराकाठच्या आमच्या छोट्या नाट्यगृहात मी अठ्ठावीस वर्षं कामं केली. त्यातली बावीस वर्षं माझ्या तोंडावर उजेड पाडला तो आर्वोने. दिवसा तो विद्यापीठात काचेच्या नळ्या फुंकायचा, लेसर सांभाळायचा, आणि संध्याकाळी शिडीवर चढून आमचे दिवे लावायचा. म्हणायचा, "दोन्हीकडे काम एकच आहे, ओपल. ज्याच्यावर उजेड पाडायचा, त्याने हलायचं नाही." मी हलायचे. रडताना तर फारच हलायचे. दुसऱ्या दिवशी आर्वो माझ्याकडे न बघता एवढंच म्हणायचा, "काल जरा वेगळंच झालं."

उत्तर मिनेसोटात 'वेगळंच' याहून कडक टीका नसते. इथे शेजाऱ्याचं छप्पर उडालं तरी लोक "वेगळंच दिसतंय" म्हणतात आणि कॉफी घेऊन जातात.

आर्वो उंच होता आणि दाराच्या चौकटींना घाबरून जन्मभर थोडा वाकलेला. काच तापवून तापवून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. कॉफी पिताना तो साखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्यातून कॉफी ओढायचा, त्याच्या फिनिश आजोबांसारखी. खडा तोंडात असताना बोलता येत नाही, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा. त्याची बायको लेम्पी दोघांच्या वाटचं बोलायची आणि दोघांच्या वाटचं रागवायची.

त्या विभागाचे नायक होते प्रोफेसर लेलँड थॉर्नक्विस्ट. रुपेरी केस, रुंद खांदे, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतली म्हातारी जागी व्हावी. असा माणूस विज्ञानात गेला हे रंगभूमीचं नुकसानच. मला ते आवडायचे, खोटं कशाला बोलू? टाळी कुठे येणार हे त्यांना आधी कळायचं आणि ते तिच्यासाठी थांबायचे. वर्गात फळ्यावर एक रेघ ओढून एवढा वेळ थांबणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यांची कीर्ती एका रेणूवर उभी होती. त्याचं काम काय, हे मला आर्वोने एकदा तालमीच्या मधल्या सुट्टीत समजावून दिलं. रंगमंचावर आम्ही दोघंच होतो, मी आणि माझ्या नवऱ्याचं काम करणारा तो टॉमी.

"टॉमीच्या हातात चिठ्ठी आहे," आर्वो शिडीवरून म्हणाला. "तो देणारा. ओपल, तू घेणारी. तुमच्यामध्ये एक बाक, तो पूल. मी टॉमीवर दिवा टाकला की त्याला हुरूप चढतो आणि तो चिठ्ठी तुझ्याकडे सरकवतो. ती चिठ्ठी म्हणजे इलेक्ट्रॉन. आता मला सांग, चिठ्ठी किती वेळात पोचेल?"

"आम्ही कुठे उभे आहोत त्यावर आहे," मी म्हटलं.

"बास! बाक आखूड असेल, किंवा मधे वाकून तुम्हा दोघांची तोंडं जवळ आणत असेल, तर चिठ्ठी पटकन तुझ्या हातात. पण तशीच पटकन परत टॉमीच्या खिशात. बाक लांब आणि ताठ असेल, तर पोचायला वेळ लागेल. पण एकदा पोचली की तुझ्यापाशी राहील. आणि ती राहिली तरच तिचा उपयोग. झाडाचं पान दिवसभर हेच करतं. उन्हात चिठ्ठी सरकवतं आणि परत येऊ देत नाही."

"तुमच्या प्रोफेसरांची चिठ्ठी कशी जाते?"

आर्वोने शिडीवरून खाली पाहिलं. "त्यांची वेगळीच जाते," तो म्हणाला आणि दिव्याचा स्क्रू आवळू लागला.

थॉर्नक्विस्टांचा दावा असा होता की त्यांच्या रेणूतला पूल लांब आहे, काठीसारखा सरळ आहे, आणि तरीही इलेक्ट्रॉन डोळ्याचं पातं लवायच्याही कितीतरी आधी पलीकडे जातो. सेकंदाचे अब्ज तुकडे करा, त्यातल्या एकाचे हजार, तसल्या दोन-चार तुकड्यांत. एवढ्या लांब अंतरावर एवढ्या वेगाने कुणाचाच इलेक्ट्रॉन जात नव्हता. सभांमध्ये याला 'थॉर्नक्विस्ट उडी' म्हणत. त्या नावाच्या टोप्यासुद्धा निघाल्या होत्या. माझ्याकडे एक होती, मी ती घालून मासे पकडायला जायचे.

आता पेटी.

१९७९ साली प्रोफेसरांनी आर्वोला त्या रेणूची लाकडी प्रतिकृती करायला सांगितली. त्यांचा तेव्हाचा विद्यार्थी ड्वाइट याने कागदावर आकृती काढून दिली. एका टोकाला देणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा, आणि पूल मधल्या गोळ्यापाशी चांगला वाकलेला, दोन्ही टोकं जवळजवळ समोरासमोर. आर्वोने मेपलचे गोळे कातले, आकृतीतल्या कोनात भोकं पाडली, दांड्या बसवल्या, रंग दिला. मग कळलं की प्रतिकृती ठेवायला काचेची पेटी मिळाली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या क्लबात एक स्टर्जन मासा होता, कुणा माजी विद्यार्थ्याने सरोवरात धरलेला. त्याला पोटमाळ्यावर पाठवून त्याची पेटी विभागाला भेट मिळाली होती. चार फूट लांब आणि एक वीत रुंद.

वाकलेला रेणू त्यात मावेना.

"सरळ कर की," विभागाची चिटणीस मार्लिस आर्वोला म्हणाली. "उद्या अकराला फीत कापायची आहे. वड्या भाजून झाल्यात."

वड्या भाजून झाल्यावर आमच्याकडे कुठलाच समारंभ पुढे ढकलता येत नाही. आर्वोने मधल्या गोळ्यातलं तिरकं भोक लाकडाच्या लगद्याने बुजवलं, वर काळा रंग फासला, नवं सरळ भोक पाडलं, आणि रेणू माशाच्या जागी जाऊन झोपला. शोभेची वस्तू आहे, त्याने विचार केला. तिच्यावरून कोण काय ठरवणार?

ड्वाइट त्याच वर्षी विद्यापीठ सोडून विम्याच्या धंद्यात गेला. रेणूचा आकार क्ष-किरणांनी बघायचा तर त्याचा स्फटिक लागतो, आणि तो रेणू कधी स्फटिकाच्या रूपात आला नाही. बाटलीत कायम काकवीसारखा चिकट पाक, त्यामुळे त्याचा खरा आकार कुणी डोळ्यांनी पाहिला नाही. डोळ्यांसमोर होती ती पेटी. मग विभागात एक रीत पडली. नवीन विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी त्याने पेटीसमोर उभं राहून काचेवर टेप धरायची आणि दोन टोकांतलं अंतर मोजायचं. बेचाळीस इंच. दोन इंचांना एक अँगस्ट्रॉम, अणूंच्या दुनियेतला तो इंचच समजा. म्हणजे एकवीस. सगळे टाळ्या वाजवायचे, विद्यार्थी वहीच्या पहिल्या पानावर एकवीस लिहायचा, आणि पुढची सगळी गणितं त्या आकड्यावर व्हायची. पेटी उघडून कुणी मोजलं नाही. किल्ली आर्वोकडे होती आणि ती मागणं बरं दिसलं नसतं.

पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा आर्वो दचकला. मग त्याने स्वतःची समजूत घातली की एवढी शिकलेली माणसं, त्यांच्याकडे दुसराही काही पुरावा असणारच. दुसरा निबंध आला, तिसरा आला. आणि दर वर्षी बोलणं थोडं जास्त अवघड होत गेलं.

मग आली जोलीन स्कुबिक. खाणीच्या गावातली मुलगी, आई शाळेत स्वयंपाकीण, बाप नाही. तिनेही टेप धरली, एकवीस लिहिलं. पण तिने एक नवा रेणू तयार केला, तोच देणारा, तोच घेणारा, मधे मात्र असा ताठ पूल की तो वाकूच शकत नाही. आर्वोच्या लेसरवर तिने दोन्ही तपासले. जुन्यात इलेक्ट्रॉन क्षणात जायचा आणि क्षणात परतायचा. नव्यात सावकाश जायचा आणि हजारो पट जास्त वेळ थांबायचा. दोघांची लांबी सारखी असेल तर हे होणं शक्य नव्हतं. जोलीनने गणित मांडलं. जुन्याची दोन टोकं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली असली पाहिजेत.

थॉर्नक्विस्टांनी कागद वाचले आणि प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, तुझ्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे. जा, पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. तेच आलं. "पुन्हा अदलाबदल," ते म्हणाले. असं तीन वर्षं चाललं.

१९९४च्या एप्रिलमध्ये मी नाट्यगृहाचा एक फुटलेला दिवा घेऊन तळघरात गेले, तेव्हा जोलीन आर्वोच्या कामाच्या बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि बोलणं चालू ठेवलं.

"तीस जूनला माझी सात वर्षं संपतात, आर्वो. नियमच आहे. त्यांची सही नसेल तर पदवी नाही, आणि परत अर्जही नाही. डकोटातल्या कॉलेजने मला शिकवायला बोलावलंय, पण पदवी असली तर. नाहीतर मी आईशेजारी उभी राहून शाळेत बटाटे वाढीन. सात वर्षांनी!"

"बटाटे वाईट नसतात," आर्वो म्हणाला.

"आर्वो!"

"नळ्यांची अदलाबदल झालेली नाही. तोंडं मी वितळवून बंद केलीत. तुझ्या नव्या रेणूच्या नळीला मी काचेचा बारका ठिपका ठेवतो. दर वेळी ठेवलाय."

"मग हे तुम्ही त्यांना सांगा ना!"

आर्वोने साखरेचा खडा तोंडात टाकला. मला वाटलं, झालं, आता पाऊण तास शांतता. पण त्याचा हात बाकाच्या खणाकडे गेला, खण अर्धा उघडला, बंद झाला.

"जोलीन," त्याने विचारलं, "वाकलेला असेल तर नक्की कुठे वाकलेला असेल?"

"मधोमध. का?"

"काही नाही. वेगळंच आहे," आर्वो म्हणाला. आणि त्याचा चेहरा असा झाला, जसा आमच्याकडच्या नव्या नटाचा दुसऱ्याचं वाक्य आपण बोलून बसल्यावर होतो.

त्या शनिवारी लेम्पीने मला जेवायला बोलावलं होतं. आर्वोने आम्हा दोघींना सगळं सांगितलं. मासा, पेटी, लगदा, काळा रंग. खणातला तो कागदही आणला होता. ड्वाइटची आकृती, कोपऱ्यात कॉफीचा गोल डाग.

लेम्पीने हातातला डाव खाली ठेवला. "पंधरा वर्षं तोंडात साखर धरून बसलास? अरे, लोक त्या भोकाच्या नावाच्या टोप्या घालून फिरतायत!"

"मला वाटलं, त्यांना माहीत असेल."

"आणि त्यांना वाटलं, लाकडाला माहीत असेल! सोमवारी जा आणि सांग."

"चारचौघांत त्यांना खोटं पाडू? कसं दिसेल ते?"

"खरं दिसेल!"

मी कागद उजेडाला धरला आणि खालच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं. "आर्वो, हे काय आहे?"

त्याने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिला. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला मोठ्याने हसताना पाहिलं. काय ते मी इतक्यात सांगत नाही. नटीची सवय, माफ करा.

मे महिन्यात थॉर्नक्विस्टांना कुठल्याशा संस्थेचं पदक जाहीर झालं आणि विभागाने सकाळच्या कॉफीचा समारंभ ठेवला. पेटीच्या समोर टेबल, टेबलावर रूबार्बच्या, त्या आंबट लाल देठांच्या, वड्या. मानपत्र वाचायला आवाज हवा म्हणून मला बोलावलं होतं. मी वाचलं. 'लांब उडी' या शब्दांपाशी मला खोकला आला, पण तो मी भूमिकेत मिसळून टाकला.

मग कॉफी. ताटल्या रिकाम्या झाल्या आणि शेवटी एक वडी उरली.

आमच्या गावात शेवटची वडी कुणी घेत नाही. जो येतो तो सुरीने तिचे दोन तुकडे करतो आणि अर्धा ठेवतो. पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा करतो. मी नखाएवढा तुकडा चौघांनी वाटून घेतलेला पाहिला आहे. त्या दिवशी तर वडी अजून अख्खी होती. मार्लिस सुरी शोधत होती. तेवढ्यात आर्वो पुढे आला, त्याने शेवटची वडी उचलली आणि अख्खीच्या अख्खी तोंडात घातली.

एक म्हातारे प्राध्यापक कप खाली ठेवायचं विसरले. आर्वो शांतपणे चावत होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. ज्या माणसाकडे पंधरा वर्षं कुणी पाहिलं नव्हतं, त्याने एका वडीत सभा जिंकली. मी अठ्ठावीस वर्षांत असा प्रवेश घेतला नाही.

"लेलँड," तो म्हणाला. आजवर 'डॉक्टर' म्हणत आला होता. "जोलीनच्या नळ्यांची अदलाबदल झालेली नाही. मी खूण ठेवली होती. चूक तिथे नाही, या पेटीत आहे. आणि ती माझ्या हातची आहे."

त्याने किल्ली काढली, पेटी उघडली, आणि चार फुटी रेणू बाहेर काढून कपबश्यांमध्ये ठेवला. खिशातला चाकू घेऊन मधल्या गोळ्यावरचा काळा रंग खरवडला. लगद्याचा भुगा टेबलाच्या कापडावर पडला आणि खालून जुनं तिरकं भोक उघडं झालं. आर्वोने सरळ भोकातली दांडी उपसली आणि तिरक्या भोकात ठोकली. रेणू मधोमध वाकला. दोन्ही टोकांचे गोळे एकमेकांजवळ आले, चुगली करणाऱ्या दोन शेजारणींसारखे.

"मासा सरळ होता," आर्वो म्हणाला. "रेणू असा होता. पेटीत मावेना म्हणून मी सरळ केला."

थॉर्नक्विस्टांचा चेहरा पांढरा पडला. जोलीन पेटीच्या कडेला धरून उभी होती, आणि मला दिसत होतं की तिला आनंद होत नव्हता, भीती वाटत होती. चारचौघांत पडलेला मोठा माणूस उठताना कुणाला तरी लाथ मारतो. तीस जूनला तिला त्याच माणसाची सही हवी होती.

तेव्हा आर्वोने खिशातून ड्वाइटचा कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. "खालच्या कोपऱ्यात बघा, डॉक्टर," तो हळूच म्हणाला. पुन्हा 'डॉक्टर'.

कोपऱ्यात फिकट पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आकार बरोबर आहे. असाच करावा.' खाली ले. थॉ. अशी सही, आणि तारीख, १२ मार्च १९७९.

थॉर्नक्विस्ट तो कागद बघत थांबले. मी मनात आकडे मोजले. सहापर्यंत गेले तेव्हा त्यांचे खांदे वर आले, आणि नवापर्यंत त्यांच्या गालांवर रंग परतला. मग त्यांनी कागद उंच धरला.

"मित्रांनो," ते त्या आवाजात म्हणाले, "म्हणजे हे मी एकोणऐंशी सालीच सांगितलं होतं!"

टाळ्या! काय टाळ्या पडल्या! लोकांना सुटल्यासारखं झालं होतं. आता कुणालाच काही वेगळंच म्हणायची गरज नव्हती.

"वेग म्हणजे सर्व काही नव्हे," ते पुढे म्हणाले. "आकार! इलेक्ट्रॉन किती लवकर जातो हा पोरकट प्रश्न आहे. तो किती वेळ थांबतो, हा खरा प्रश्न. आणि माझ्या देखरेखीखाली या मुलीने तीन वर्षं, पुन्हा पुन्हा, किती चिकाटीने हेच सिद्ध केलं! जोलीन, ये, पुढे ये."

जोलीन पुढे आली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

"सही कधी करता, सर?" तिने विचारलं. खाणीच्या गावातली मुलगी, टाळ्यांनी भुलणारी नव्हती.

"आत्ता!" ते म्हणाले. माझ्या हातातल्या मानपत्राला अडकवलेलं पेन त्यांनी घेतलं आणि तिथेच, त्या भुग्यावर कागद ठेवून, सही केली. अर्ज तिच्या पिशवीत महिनाभर तयार होता.

एवढ्यात मागून मार्लिसचा आवाज आला. "अहो, पण आता हे पेटीत कसं बसणार?"

नाहीच बसलं. रेणू आता तारेने छताला टांगला आहे आणि मासा पोटमाळ्यावरून परत आपल्या पेटीत आला आहे. विभागाने आर्वोला एक पत्र पाठवलं की विनापरवानगी सरकारी वस्तूत फेरफार केल्याबद्दल त्याने किल्ली जमा करावी. त्याने जमा केली. मासा तसाही कुठे जाणार नव्हता. माझी टोपी मात्र मी अजून घालते, तिच्यावर आता 'थॉर्नक्विस्ट वळण' असं नवं कापड शिवून दिलंय विभागाने.

जोलीनची तोंडी परीक्षा चोवीस जूनला झाली. डकोटाला जायच्या आदल्या दिवशी ती आर्वोकडे आली. अंगणात लेम्पीने कॉफी मांडली होती, मीही होते.

"एक विचारू?" जोलीन म्हणाली. "तो कागद तुम्ही मला का नाही दिलात? मी सरळ समितीपुढे ठेवला असता."

आर्वोने साखरेचा खडा तोंडातून काढून बशीत ठेवला. हे तो कधी करत नसे.

"तुझ्या हातात तो त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला असता, पोरी. मग त्यांनी तीस जूनपर्यंत वकिली केली असती. त्यांच्या हातात दिला, तर तो त्यांचा शोध झाला." मग माझ्याकडे बोट केलं. "हिला विचार. समोरून दिवा मारला तर ही म्हातारी दिसायची. तोच डाव्या बाजूने मारला की लोक तिकीट काढून यायचे."

"आभारी आहे," मी म्हटलं.

"आणि पहिली पंधरा वर्षं?" लेम्पीने विचारलं. "तेव्हा कुठला दिवा मारत होतास?"

"पहिली पंधरा वर्षं," आर्वो म्हणाला, "मी घाबरत होतो."

ताटलीत एक वडी उरली होती. आर्वोने सुरी घेतली, तिचे नीट मापून दोन तुकडे केले, एक घेतला आणि ताटली जोलीनकडे सरकवली. तिने उरलेल्या अर्ध्याकडे पाहिलं, आर्वोकडे पाहिलं, आणि तो तुकडा अख्खा तोंडात टाकला.